बुरशीच्या गोळ्या चालू असताना पेप्टाइड: काय चालू ठेवायचे, काय बंद करायचे

गजकर्ण, नायटा किंवा नखातली बुरशी आता दोन आठवड्यांच्या मलमाने आटोपत नाही. ट्रायकोफायटन इंडोटिनिए ही चिवट जात भारतभर पसरल्यापासून त्वचारोगतज्ज्ञ महिना-दोन महिने, कधी त्याहूनही जास्त दिवस पोटातून गोळ्या देतात. इतका लांब कोर्स म्हटला की त्याच्या जोडीला घरात काही ना काही चालूच असते. कोलॅजनचा सॅशे, जिमचा शेक, गोरेपणासाठी ग्लुटाथायोन, वजन उतरवायचे साप्ताहिक इंजेक्शन, नाहीतर ट्रेनरने कागदात गुंडाळून दिलेली छोटी व्हायल, म्हणजे टोचायच्या औषधाची कुपी. दुकानात या सगळ्यांवर पेप्टाइड असाच शिक्का असतो, पण बुरशीच्या गोळीबरोबर त्यांचे वागणे सारखे नसते.

घाईत असाल तर एवढे वाचा. कोलॅजन आणि व्हे, म्हणजे जिमच्या शेकमधली दुधाची प्रथिने, चालतात. ग्लुटाथायोन चालते, पण लोक ज्या कामासाठी ते घेतात ते काम होईल अशी आशा ठेवू नका. वजनाचे इंजेक्शन डॉक्टरांना सांगून चालते, मात्र जेवणाची शिस्त पाळावी लागते. व्हायल बंद.

आधी स्ट्रिपवरचे नाव वाचा

ब्रँडचे नाव सोडा. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात औषधाचे खरे नाव असते, ते शोधा. पुढचे सगळे त्या नावावर ठरते.

इट्राकोनॅझोल असेल तर सर्वांत जास्त सांभाळावे लागते. हे औषध यकृतातले सीवायपी३ए४ नावाचे एन्झाइम जोरात अडवते. याच एन्झाइमने मोडली जाणारी दुसरी औषधे मग रक्तात साठत जातात. शिवाय साधी कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागते. गोळी थांबवल्यावरही ती शरीरातून जायला ७ ते १४ दिवस लागतात, म्हणून खाली जे जे 'बरोबर घेऊ नका' म्हटले आहे ते कोर्स संपल्यावर आणखी दोन आठवडे लागू समजा. नखांसाठी महिन्यातून एक आठवडा, २०० मिलिग्रॅम दोनदा, असा पल्स कोर्स असतो. त्यातही नियम हाच. फक्त त्या सात दिवसांपुरते पथ्य पाळून भागत नाही.

टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅमला आम्लाची गरज नसते आणि जेवणाने फारसा फरक पडत नाही. त्याचा प्रश्न यकृताचा आहे. आधीपासून यकृताचा आजार असेल तर ही गोळी देत नाहीत. ते सीवायपी२डी६ हे वेगळे एन्झाइम अडवते, आणि कॅफिनही शरीरातून थोडे हळू जाऊ देते. प्री-वर्कआउटच्या, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या पावडरीच्या, एका स्कूपमध्ये २००-३०० मिलिग्रॅम कॅफिन असते. टर्बिनाफिन चालू असताना धडधड वाढली किंवा रात्री झोप येईना, तर आधी तो स्कूप अर्धा करा. या गोळीने काहींची चव जाते. रोजचा शेक अचानक धातूसारखा किंवा बेचव लागायला लागला तर डब्याला दोष देण्याआधी डॉक्टरांना कळवा, कारण गेलेली चव परत यायला महिने लागू शकतात.

फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा: जेवणाचा, आम्लाचा याच्यावर परिणाम नाही, पण रक्तात ते बरेच दिवस राहते आणि बहुतांश मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मधुमेहाच्या काही गोळ्यांशी त्याचे जमत नाही, ते पुढे येईलच.

पोटातून घ्यायचे केटोकोनॅझोल कोणी लिहून दिले असेल तर त्या डॉक्टरांना एकदा विचारा की दुसरे काही चालणार नाही का. यकृताला इजा होते म्हणून २०१३ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने त्याची विक्री थांबवायला सांगितले आणि अमेरिकेने त्याचा वापर अगदी मर्यादित केला. टेस्टोस्टेरॉन आणि कॉर्टिसॉल या दोन्ही संप्रेरकांची निर्मितीही ते दाबते. शरीर कमावण्यासाठी पेप्टाइड घेणाऱ्याने हे गिळणे म्हणजे एका हाताने भरायचे आणि दुसऱ्याने ओतायचे. केटोकोनॅझोलचा शाम्पू किंवा मलम ही निराळी गोष्ट, त्याने असे काही होत नाही.

व्होरिकोनॅझोल किंवा पोसाकोनॅझोल चालू असेल, म्हणजे २०२१ मध्ये महाराष्ट्राने पाहिला तसा म्युकरमायकोसिस किंवा फुफ्फुसातली बुरशी, तर हा लेख तुमच्यासाठी पुरेसा नाही. तिथे रक्तातली औषधाची पातळी मोजत उपचार चालतो. ज्या रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथे विचारल्याशिवाय एक सॅशेही सुरू करू नका.

पेप्टाइडचे पोटात काय होते

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. तोंडाने घेतली की पोटातले आणि आतड्यातले एन्झाइम तिचे तुकडे करतात. बराचसा भाग सुटी अमिनो आम्ले किंवा दोन-तीन कड्यांचे तुकडे म्हणून रक्तात जातो. अंडे, डाळ, मासे यांचेही हेच होते. इट्राकोनॅझोल जे एन्झाइम अडवते त्याचा या कामाशी संबंध नसतो. म्हणून १० ग्रॅम कोलॅजन आणि एक इट्राकोनॅझोल यांची गाठ पडण्याचे कारण नाही.

या नियमाला एक मोठा अपवाद आहे. मूत्रपिंड किंवा यकृत प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हे ११ अमिनो आम्लांचे वर्तुळाकार पेप्टाइडच आहे. वर्तुळाकार असल्याने ते पोटात मोडत नाही, यकृतातल्या सीवायपी३ए४ने मोडते. इट्राकोनॅझोल किंवा फ्लुकोनॅझोल जोडले की त्याची पातळी चढते आणि बसवलेल्या मूत्रपिंडालाच धक्का बसतो. प्रत्यारोपण झालेल्या माणसाने बुरशीची कोणतीही गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नये, नायटा कितीही खाजत असला तरी. टॅक्रोलिमस पेप्टाइड नाही, पण त्याचेही असेच होते.

डबा उलटा करून वाचा

पावडरमधले पेप्टाइड निरुपद्रवी असले तरी त्याच्याबरोबर डब्यात काय भरले आहे हे पाहावे लागते. एक कागद घ्या आणि डब्यामागच्या यादीतले हे घटक शोधा.

ग्रीन टी अर्क: त्यातला ईजीसीजी हा मुख्य घटक दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त पोटात गेला तर यकृताचे एन्झाइम वाढू शकतात, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितले. टर्बिनाफिन किंवा इट्राकोनॅझोल चालू असताना हा अर्क असलेला फॅट बर्नर नको. कपातला चहा यात मोजत नाहीत.

अश्वगंधा आणि गुळवेल: दोन्हींमुळे यकृताला सूज आल्याची प्रकरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली आहेत. गुळवेलीची काही २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी छापली. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नव्हता. वाद कुठेही संपो, दोन महिन्यांच्या बुरशीच्या कोर्समध्ये यकृताला आणखी एक संशयित देऊन तुमचा काही फायदा नाही. गोळ्या संपल्यावर पुन्हा सुरू करा.

पिपेरिन, म्हणजे मिऱ्याचा अर्क: हळदीच्या कॅप्सूलमध्ये शोषण वाढवायला घालतात. तोही सीवायपी३ए४ थोडेफार अडवतो. भाजीतल्या मिरपुडीची काळजी करू नका, कॅप्सूल मात्र थांबवा.

बायोटिन: केस-त्वचा-नखे असे लिहिलेल्या कोलॅजन सॅशेत ते हमखास असते. त्याचा बुरशीच्या गोळीशी झगडा नाही, पण जास्त मात्रेत ते थायरॉइड, काही संप्रेरके आणि हृदयाच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे चुकवते. या चाचण्या करायच्या असतील तर दोन-तीन दिवस आधी सॅशे बंद करा आणि लॅबमध्ये सांगा.

कॅल्शियम कार्बोनेट, मॅग्नेशियम ऑक्साइड, खाण्याचा सोडा: हे तिन्ही आम्ल मारतात. साध्या इट्राकोनॅझोल कॅप्सूलच्या वेळेपासून दूर ठेवा. पाण्यात फसफसणाऱ्या ग्लुटाथायोनच्या किंवा व्हिटॅमिन सीच्या गोळीत सोडाच असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

'प्रोप्रायटरी ब्लेंड' असे लिहून मात्राच दिली नसेल, किंवा एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक नसेल, तर तो डबा कोर्सपुरता कपाटात.

इट्राकोनॅझोलचे वेळापत्रक

बुरशी बरी होत नाही म्हणून लोक पेप्टाइडवर संशय घेतात. बहुतेकदा गुन्हेगार सकाळी उपाशीपोटी घेतलेली आम्लपित्ताची गोळी असते. ओमेप्राझोलबरोबर घेतल्यास साध्या इट्राकोनॅझोल कॅप्सूलचे शोषण सुमारे दोन तृतीयांशाने घटलेले आढळले आहे. पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल त्याच घराण्यातली. त्यांचा परिणाम पूर्ण दिवस टिकतो, त्यामुळे दोन-चार तासांचे अंतर ठेवून फायदा होत नाही.

त्यातही पॅन्टोप्राझोल आणि डॉमपेरिडोन एकत्र असलेली कॅप्सूल सर्वांत वाईट, आणि तीच घरोघरी सापडते. एका बाजूने ती इट्राकोनॅझोल शोषू देत नाही. दुसरीकडे जेवढे इट्राकोनॅझोल शोषले जाते तेवढे डॉमपेरिडोनची पातळी चढवते आणि हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका वाढतो. फ्लुकोनॅझोलबरोबरही डॉमपेरिडोन नको. जळजळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून आम्लपित्ताची गोळी बंद करा. ती बंद करण्यासारखी नसेल, तर इट्राकोनॅझोल साध्या कोलाबरोबर घ्यायला किंवा बुरशीचे औषधच बदलायला ते सांगतील. डाएट कोला या कामाचा नाही.

जेल्युसिलसारखे पातळ अँटासिड किंवा इनो घेणे भागच पडले तर इट्राकोनॅझोल घेतल्यानंतर किमान दोन तासांनी घ्या. आधीच घेऊन झाले असेल तर कॅप्सूलला किमान एक तास थांबा, जमल्यास दोन.

१०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा असा कोर्स धरला तर दिवस असा बसवता येतो. सकाळी ७ वाजता पाण्यात कोलॅजन. ९ वाजता पोटभर नाश्ता, म्हणजे पोहे-उपमा आणि बरोबर शेंगदाणे, अंडे किंवा तूप, म्हणजे स्निग्धांश हवाच, आणि शेवटचा घास संपताच कॅप्सूल. संध्याकाळी व्यायाम, ७ च्या सुमारास व्हे. रात्री ९ ला जेवण आणि लगेच दुसरी कॅप्सूल. फसफसणारी गोळी, कॅल्शियम वगैरे दुपारी ३ च्या आसपास, दोन्ही कॅप्सूलपासून लांब.

पाण्यातल्या शेकला जेवण धरू नका. नुसत्या शेकवर कॅप्सूल गिळली तर तिला हवे तेवढे आम्ल आणि स्निग्धांश मिळत नाहीत. नाश्ता बुडाला तर सकाळची कॅप्सूल दुपारच्या जेवणानंतर घ्या. इट्राकोनॅझोलचे पातळ औषध मिळाले असेल तर नियम उलटा: ते उपाशीपोटी.

स्ट्रिपवर 'सुबा' असे लिहिलेले असेल तर ती वेगळ्या बनावटीची कॅप्सूल आहे. तिला आम्लाची एवढी गरज नसते आणि तिचे आकडेही वेगळे, ५०, ६५, १३० असे. मेडिकलवाल्याने '१०० नाही, ही घ्या' म्हणून ती दिली तर परत करा आणि डॉक्टरांना फोन लावा. साध्या कॅप्सूलमध्येही कोर्स अर्ध्यावर असताना कंपनी बदलू नका. आतल्या दाण्यांचा दर्जा कंपनीगणिक बदलतो.

ग्लुटाथायोनबद्दल थोडे

ग्लुटाथायोन हे तीन अमिनो आम्लांचे पेप्टाइड. तोंडाने घेतल्यास बुरशीच्या गोळ्यांशी त्याची टक्कर होईल असे काही कारण दिसत नाही. पण 'ते यकृत साफ करते, म्हणून गोळ्यांबरोबर घ्यावेच' ही समजूत महागात पडते. पॅरासिटामॉलच्या विषबाधेत ग्लुटाथायोन वाढवणारे औषध वापरतात हे खरे, त्यावरून टर्बिनाफिनच्या यकृतइजेपासून रोजची ग्लुटाथायोनची गोळी वाचवेल असे ठरत नाही. यकृताची तपासणी चुकवायला ते निमित्त होऊ नये. गोरेपणासाठी शिरेतून घ्यायचे ग्लुटाथायोन कोर्स संपेपर्यंत तरी थांबवा. पार्लरमधल्या ड्रिपमध्ये बरोबर आणखी काय मिसळले आहे याची नोंद कुणाकडे नसते.

वजनाचे इंजेक्शन: सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड

ही खरी औषधे आहेत, पूरक आहार नाहीत, तरी लोक त्यांना पेप्टाइडच म्हणतात आणि त्वचेच्या डॉक्टरांना सांगायचे विसरतात. टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आल्यापासून हा जोड वारंवार दिसणारच. ही औषधे यकृतातल्या सीवायपी एन्झाइमने मोडत नाहीत, त्यामुळे बुरशीच्या गोळीने त्यांची पातळी चढत नाही. त्रास होतो तो पोटाच्या वाटेने. जठर हळू रिकामे होते, भूक मरते, मळमळते, आणि साध्या इट्राकोनॅझोलला तर भरपेट जेवण हवे असते. चार घास खाऊन घेतलेली कॅप्सूल अर्धवटच कामी येते.

पाळायच्या गोष्टी अशा. इंजेक्शन आणि बुरशीची गोळी एकाच आठवड्यात सुरू करू नका. इंजेक्शनची मात्रा साधारण दर चार आठवड्यांनी वाढवतात. त्या वाढीच्या आठवड्यातही बुरशीची नवी गोळी टाळा, किमान दोन आठवडे मध्ये जाऊ द्या, म्हणजे उलटी झाली तर कशामुळे हे कळेल. इट्राकोनॅझोल दिवसातल्या सर्वांत मोठ्या जेवणानंतर घ्या. जेवण जातच नसेल तर टर्बिनाफिन किंवा सुबा कॅप्सूल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. सलग उलट्या-जुलाब झाले तर पोटॅशियम घसरते. इट्राकोनॅझोलही ते घसरवू शकते. पायात गोळे, अशक्तपणा, ठोके चुकल्यासारखे वाटणे ही त्याची चिन्हे, आणि मग त्याच दिवशी रक्त तपासायचे.

सेमाग्लुटाइडची गोळी असेल तर ती उठल्या उठल्या उपाशीपोटी, अर्ध्या पेल्यापेक्षा कमी, म्हणजे जास्तीत जास्त १२० मिलिलिटर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढची ३० मिनिटे अन्न, चहा, दुसरी गोळी काहीच नाही. बुरशीची गोळी नाश्त्यानंतर घेतल्यास दोन्ही नीट बसतात.

मधुमेहींसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिबेनक्लामाइड चालू असेल आणि वर फ्लुकोनॅझोल आले, तर मधुमेहाची ती गोळी रक्तात जास्त वेळ राहते आणि साखर घसरते. सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइड असेल तर घसरण आणखी सोपी. फ्लुकोनॅझोल घेतल्याच्या दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस ग्लुकोमीटरवर दिवसातून दोन-तीनदा साखर पाहा. ७० च्या खाली आकडा, किंवा घाम-थरथर-अंधारी आली, तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा.

जिमच्या व्हायल

या कुप्यांवर अशी नावे असतात: बीपीसी-१५७, टीबी-५००, सीजेसी-१२९५, इपामोरेलिन, मेलॅनोटॅन-२. बहुतेक कुप्यांवर 'फक्त संशोधनासाठी' असे छापलेले असते, आणि ते विक्रेत्याच्या बचावासाठी असते. इंजेक्शन कधीच पूरक आहारात बसत नाही, त्याला औषधाचा परवाना लागतो. तो या कुप्यांना नाही. बीपीसी-१५७ जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत २०२२ पासून आहे, त्यामुळे आखाड्यातल्या किंवा मैदानातल्या खेळाडूला बुरशी नसली तरी ते घातकच. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने यांतल्या अनेक पेप्टाइडांना सुरक्षिततेचे गंभीर प्रश्न असलेल्या गटात टाकले.

बुरशीच्या गोळीबरोबर यांचे काय बिघडते? वाढीचे संप्रेरक चेतवणारी पेप्टाइडे, म्हणजे सीजेसी-१२९५, इपामोरेलिन, जीएचआरपी-६, अंगात पाणी धरतात आणि साखर चढवतात. इट्राकोनॅझोलनेही पायावर सूज येऊ शकते, आणि ती सूज कधी कधी हृदय कमजोर पडत असल्याची पहिली खूण असते. म्हणूनच हृदय कमजोर असलेल्यांना साध्या बुरशीसाठी ते देत नाहीत. व्हायलही चालू असेल तर घोटा सुजल्यावर ती सूज कुणाची हे ठरवता येत नाही आणि धोक्याची खूण 'पेप्टाइडने पाणी धरले' म्हणून सोडून दिली जाते. साखर वाढल्याने बुरशीलाच खतपाणी मिळते ते वेगळे.

एलएल-३७ नावाचे पेप्टाइड 'नैसर्गिक बुरशीनाशक' म्हणून खपवले जाते. शरीरात ते असते हे खरे. गजकर्णावर गोळीऐवजी ते टोचून घेऊ नका.

व्हायलच्या जोडीने काय काय जाते ते तर आणखी जड. स्टॅनोझोलॉल, मेथॅन्डिएनोन या तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइड गोळ्या यकृत बिघडवतात, टर्बिनाफिन किंवा केटोकोनॅझोलबरोबर त्या मुळीच नकोत. 'पंप'साठी, म्हणजे व्यायामात स्नायू फुगलेले दिसावेत म्हणून, टाडालाफिल घेणारे बरेच आहेत. इट्राकोनॅझोलमुळे त्याची पातळी खूप वाढते, रक्तदाब कोसळून चक्कर येते.

आतापर्यंत टोचून घेतले असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. कुपीचा, लेबलचा फोटो दाखवा, मात्रा आणि शेवटची तारीख सांगा. सुई कुणाबरोबर वाटून घेतली असेल तर टर्बिनाफिन सुरू होण्याआधी हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीच्या तपासण्या करून घ्या. व्हायल थांबवून दोन आठवडे जाऊ द्या, मग यकृताची तपासणी, मग गोळ्या. नायट्याला दोन आठवडे मलमावर थांबता येते.

एलएफटी नीट कशी करायची

एलएफटी म्हणजे यकृताची रक्ततपासणी. कोर्स सुरू होण्याआधी एकदा, आणि तो महिन्याच्या पुढे गेला तर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. जिमला जाणाऱ्यांचा इथे एक ठरलेला घोटाळा होतो. जड वजने उचलली की स्नायूंतून एएसटी आणि एएलटी हे दोन्ही एन्झाइम रक्तात येतात आणि आठवडाभर चढे राहू शकतात. अहवालात लाल आकडा दिसतो आणि चांगली चाललेली गोळी बंद होते, किंवा याच्या उलट, खरी यकृतइजा 'पायांच्या व्यायामामुळे असेल' म्हणून दुर्लक्षिली जाते. उपाय सोपा आहे. तपासणीआधी सात दिवस जड व्यायाम बंद, चालणे चालेल. एलएफटीबरोबर सीके (स्नायूंचे एन्झाइम) आणि जीजीटी (यकृताचे एन्झाइम) लिहून घ्या. सीके खूप चढलेले आणि जीजीटी, बिलिरुबिन ठीक असतील तर कल स्नायूंकडे. सीके ठीक आणि एएलटी चढलेले असेल तर कल यकृताकडे. निर्णय डॉक्टरांचा, पण त्यांना ही माहिती लागते.

क्रिएटिन घेत असाल तर क्रिएटिनिनचा आकडा मूत्रपिंड ठीक असूनही थोडा चढलेला दिसतो. फ्लुकोनॅझोलची मात्रा मूत्रपिंडाच्या कामावर ठरते, म्हणून लॅबच्या कागदावर क्रिएटिनची नोंद करवून घ्या.

सीरम आणि मलम

चेहऱ्यावरचे कॉपर पेप्टाइड सीरम पोटातल्या गोळीच्या आड येत नाही. फक्त बुरशीच्या चट्ट्यावर ते लावू नका. तिथे कोरड्या त्वचेवर आधी बुरशीचे मलम, चट्ट्याच्या कडेपासून २ सेंटिमीटर बाहेरपर्यंत, आणि चट्टा गेल्यावरही दोन आठवडे. क्लोबेटासोल, बेटामेथासोन असे स्टिरॉइड मिसळलेले मलम असेल तर ते बंद करण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. देशातल्या चिवट नायट्याचे एक मोठे कारण ही मलमेच आहेत.

केव्हा थांबायचे

लघवी चहासारखी गडद, डोळे पिवळे, शौच पांढुरके, अंगाला नव्याने खाज, अन्नाची शिसारी, उजव्या बरगडीखाली दुखणे: यातले एकही दिसले तर बुरशीची गोळी आणि सगळी पूरके एकदमच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा. नुसते पेप्टाइड बंद करून गोळी चालू ठेवणे ही इथली नेहमीची चूक. धाप लागणे, दोन्ही घोट्यांना सूज, दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे, ही इट्राकोनॅझोल थांबवण्याची कारणे. भोवळ येऊन पडणे किंवा छातीत अनियमित धडधड असेल तर १०८ ला फोन करा. वजनाच्या इंजेक्शनवर असताना पोटातून पाठीकडे जाणारी तीव्र कळ आली तर तीही दवाखान्याची वेळ.

गरोदर असाल किंवा बाळाचा विचार चालू असेल तर इट्राकोनॅझोल, फ्लुकोनॅझोल या गोळ्या डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय सुरू करू नका. इट्राकोनॅझोल संपल्यावरही दोन महिने गर्भनिरोध ठेवावा लागतो.

दवाखान्यात जाताना सगळे डबे, स्ट्रिप आणि कुप्या एका पिशवीत घालून न्या, तोंडी यादीत निम्मे राहून जाते. संशय पेप्टाइडवर असो वा गोळीवर, औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाची १८००-१८०-३०२४ ही मोफत हेल्पलाइन आहे. रुग्णाला स्वतःलाही तिथे कळवता येते. फोन करताना बॅच क्रमांक हाताशी लागतो, तेव्हा रिकामा डबा लगेच फेकू नका.